श्वास पुढे जातो, हाड मागे राहतं

मृग लागला की साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाकडे पळत जाणाऱ्यांची पहाटेची वर्दळ वाढते. २०१२ साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासूनचा हा नेम. शहरातून निघायचं, घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून वळून पुन्हा खाली उतरायचं, एकूण २१.१ किलोमीटर. स्पर्धा पावसाळ्यात, त्यामुळे सरावही भर पावसात. पण जुलै संपता संपता घाटातले ओळखीचे चेहरे कमी व्हायला लागतात. एकाची नडगी दुखत असते, एकीला सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, कुणाला ताप येऊन गेलेला असतो आणि आता दमच पुरत नाही. यातलं कुणी आळशी नसतं. ज्यांनी सगळ्यांत जास्त मन लावून सराव केला तेच बहुधा घरी बसलेले असतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

एका जुलैत मीही असाच बसलो होतो. वय बेचाळीस, दिवसभर खुर्चीतली नोकरी, पळायला लागून दोन महिने झालेले. उजव्या नडगीत दुखायला लागलं, मी पळत राहिलो, आणि शेवटी जिना उतरताही येईना. त्या सक्तीच्या विश्रांतीत डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून, वाचून जे समजलं ते इथे मांडतो आहे. हे आधी कळलं असतं तर तो पावसाळा वाया गेला नसता.

मूळ गोष्ट एवढीच आहे की शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत.

पळायला सुरुवात केली की पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया वाढतात. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याचं काम त्यांचं. म्हणून जूनमध्ये ज्या वळणावर छाती भात्यासारखी चालत होती, ते वळण जुलैत बोलत बोलत पार होतं. आपल्याला वाटतं, झालो तयार. पण त्याच काळात टाचेमागची जाड कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी, अकिलिस, जेमतेम बदलायला लागलेली असते. तिला महिने लागतात. हाडाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे.

जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी काय करतो? पोचट झालेल्या विटा काढतो. मग त्या जागी नव्या बसवतो. विटा काढून झाल्या आणि नव्या अजून बसल्या नाहीत, त्या दिवसांत भिंत आधीपेक्षाही कच्ची असते. हाडाचं नेमकं असंच चालतं. ताण वाढला की काही पेशी आधी झिजलेलं हाड खरवडून काढतात. याला तीन-चार आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात, आणि त्याला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे सराव वाढवल्यावर महिन्या-दीड महिन्याने आपला दम सगळ्यांत छान असतो आणि नडगीचं हाड सगळ्यांत नाजूक. मृगात सुरू केलेल्या माणसाची नडगी जुलैच्या मध्यावर का बोलायला लागते, याचं उत्तर यात आहे.

सैन्याला हे फार आधी ठाऊक झालं. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केल्यावर सैनिकांचे पाय सुजतात, दुखतात, अशी नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं अवकाश होता. पुढे क्ष-किरण आले आणि कळलं की ती पायाच्या हाडांना गेलेली बारीक चीर होती. आजही नव्या रंगरुटांमध्ये असे स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या काही आठवड्यांतच जास्त होतात. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या आपल्या जिल्ह्यात भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं गावोगाव दिसतात. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर एकदम रोज दोन वेळा पळायला लागणं म्हणजे विटा काढलेल्या भिंतीवर वरचा मजला चढवणं.

आता तीव्रतेचं बघू. किती जोरात पळायचं, हा तो प्रश्न.

घड्याळातले हृदयाच्या ठोक्यांचे पाच रंगांचे झोन तूर्त बाजूला ठेवा. पळता पळता बाराचा पाढा म्हणून बघा. 'बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस' असं तीन-चार ओळी सहज जात असतील, तर वेग सोपा आहे. प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. 'बारा...' म्हणून पुढचं तोंडातच राहत असेल तर तो कठीण पट्टा. पाढ्याऐवजी शेजाऱ्याशी गप्पा मारल्या तरी चालेल. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत श्वास आणि जोरात पळताना स्नायूंतून रक्तात येणारं लॅक्टेट मोजून ज्या दोन सीमारेषा काढतात, त्या या साध्या चाचणीशी बऱ्यापैकी जुळतात. हृदयाचे कमाल ठोके काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र मात्र सांभाळून वापरा. एकाच वयाच्या दोन माणसांत त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने सोपा दिवस मधला होतो.

लॅक्टेटचा उल्लेख आलाच आहे तर एक गैरसमज काढून टाकतो. पळाल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या 'लॅक्टिक ॲसिड साचल्याने' नव्हे. लॅक्टेट तर तास-दीड तासात निघून जातं, आणि शरीर त्याचा इंधन म्हणून वापरही करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे असतं. यवतेश्वर उतरताना ही इजा सगळ्यांत जास्त होते, कारण उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलून धरतो. चढात दम जातो, उतारात मांड्या जातात. चांगली गोष्ट ही की थोडा उतार पळून झाला की पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखावतो. तेव्हा स्पर्धेआधी उतारही थोडा थोडा सरावात हवा. बरेच जण चढ पळतात आणि खाली गाडीवरून येतात.

स्टीफन सायलर हे मूळ अमेरिकेचे, नॉर्वेत काम करणारे संशोधक. त्यांनी अव्वल दर्जाचे रोइंगपटू, स्कीपटू, धावपटू सराव कसा करतात याच्या नोंदी तपासल्या. साधारण ऐंशी टक्के सत्रं सोपी आणि वीस टक्के कठीण, असं चित्र वेगवेगळ्या खेळांत पुन्हा पुन्हा दिसलं. हौशी माणसाचं नेमकं उलटं होतं. त्याचा सोपा दिवस पुरेसा सोपा नसतो आणि त्यामुळे कठीण दिवशी अंगात जोरच उरत नाही. आठवडाभर सगळं मधल्या पट्ट्यात. रोज घाम येतो, रोज काम केल्यासारखं वाटतं, पण प्रगती अडते आणि थकवा साचत जातो. आठवड्यातून तीनच दिवस पळणाऱ्याने ऐंशी-वीसचा हिशेब वहीत मांडत बसू नये असं माझं मत आहे. एक दिवस कठीण, बाकीचे खरोखर सोपे, एवढं पुरे.

सोपं म्हणजे किती सोपं, हे पाहायचं असेल तर आषाढात नीरा ओलांडून पालखी आपल्या जिल्ह्यात येते तेव्हा लोणंदला किंवा फलटणला जाऊन वारकऱ्यांची चाल बघा. साठी-सत्तरीतली माणसं अभंग म्हणत चालतात. गाता येतं इतक्याच वेगाने चालतात, म्हणून आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर निभावतात. हा पाढ्याचा कस त्यांना कुणी शिकवलेला नाही.

साताऱ्यात यात एक खास अडचण आहे. शहर उतारावर वसलेलं. शाहू क्रीडासंकुलाच्या मैदानावर किलोमीटरला साडेसात मिनिटं हा ज्याचा सोपा वेग आहे, तो बोगद्याच्या चढाला लागला की त्याच वेगात कठीण पट्ट्यात जातो. हृदयाला पेस कळत नाही, त्याला काम कळतं. म्हणून घाटात सोपा दिवस ठेवायचा असेल तर चालावं लागतं. नवशिक्याने तर बिनधास्त चालावं. आपल्याकडे यात लाज वाटते. 'पळायला आलाय आणि चालतोय' असं कुणी म्हणेल म्हणून माणूस दात-ओठ खाऊन पळतो. मी दोन महिने हेच केलं. चार चाकरमानी मोटारसायकलवरून बघतात, म्हणून चारभिंतीच्या चढावर एकदाही थांबलो नाही. नडगीने त्याची किंमत मोजली.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचं नाव पळणाऱ्यांच्या तोंडी असतं. २ सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅल्बर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. त्यांचे धावपटू आठवड्याला १६० किलोमीटर पळायचे, हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण तो वर्षानुवर्षं वाढवत नेलेला होता, आणि याच लिडियार्डनी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, बैठ्या माणसांना गप्पा मारत जॉगिंग करायला शिकवलं, हे कुणी सांगत नाही. आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. त्याआधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने सलग तीन वर्षं पहिला क्रमांक मिळवला होता. तिचा सराव आपण डोळे भरून पाहावा. पण लहानपणापासून पळणाऱ्या मुलीचं हाड आणि बेचाळिसाव्या वर्षी खुर्चीतून उठलेल्या माणसाचं हाड एक नव्हे. तिच्या आठवड्याची नक्कल आपण करू नये.

मायलेज म्हणजे आठवड्याचे एकूण किलोमीटर. ते दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम सगळ्यांना पाठ आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये तो तपासून पाहिला गेला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पाचशेच्या वर नवशिक्या धावपटूंपैकी निम्म्यांनी दहा टक्क्यांच्या नियमाने १३ आठवडे सराव केला, निम्म्यांनी नेहमीच्या पद्धतीने ८ आठवडे. दोन्ही गटांत दुखापती जवळपास सारख्याच झाल्या, पाचात एकाला. मग २०२५ मध्ये पाच हजारांवर धावपटूंच्या घड्याळातल्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची ठरली. गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पळालं की दुखापतीचा धोका वाढतो.

मला हे पटतं, कारण आपलं घोडं इथेच अडतं. आठवडाभर ऑफिस, मुलांची शाळा, लग्नकार्यं. रविवारी मात्र गट जमतो आणि 'चला, आज कासपर्यंत' म्हणून दहाची सवय असलेला माणूस अठरा करून येतो. आठवड्याची बेरीज वहीत सभ्य दिसते. त्या एका रविवारी हाडावर काय गुदरलं ते बेरीज सांगत नाही.

हिशेब करून बघा. आज तुमची सर्वांत लांब धाव दहा किलोमीटरची आहे. दहा टक्क्यांनी वाढवत नेली तर अकरा, मग बारा, सव्वातेरा, साडेचौदा, सोळा, साडेसतरा, साडेएकोणीस आणि आठव्या पायरीला एकवीस. दर तीन आठवड्यांनी एक हलका आठवडा धरला तर दहा-अकरा आठवडे लागतात. स्पर्धेआधी पूर्ण एकवीस करायलाच हवेत असंही नाही, सतरा-अठरापर्यंत गेलात तरी पुरतं. पण मृगात सुरुवात करताना दहा किलोमीटर आरामात जमत असतील तरच हे गणित बसतं. ज्याला जूनमध्ये तीन किलोमीटरला धाप लागते, त्याने यंदा खुशाल कमी अंतराची स्पर्धा शोधावी आणि हाफ पुढच्या वर्षी करावी.

आता दुखणी. सगळी दुखणी सारखी नसतात, आणि कोणतं दुखणं पळू देतं, कोणतं नाही, हे ओळखता आलं पाहिजे.

नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, पळायला लागल्यावर थोडं कमी होत असेल, तर बहुधा ते शिन स्प्लिंट्स. अंतर निम्म्यावर आणा, चढ-उतार सोडा, आराम पडतो. पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखते, दाबल्यावर कळ जाते, पळता पळता वाढत जाते, रात्री पडल्या पडल्याही ठणकते, एका पायावर उडी मारता येत नाही, असं असेल तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी पळणं बंद करायचं. इथे एक फसगत होते. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ही चीर बहुतेकदा दिसत नाही. माझा एक्स-रे स्वच्छ आला. मी त्यावर खूश होऊन आणखी दहा दिवस पळलो. मग एमआरआयमध्ये ती दिसली. एक्स-रे स्वच्छ आला तरी बोटाखालची कळ खोटी नसते.

टाचेमागची कंडरा दुखत असेल तर पूर्ण आराम हा उपाय नव्हे, हे मला नवीन होतं. स्वीडनचे ऑर्थोपेडिक सर्जन हाकन आल्फ्रेडसन स्वतः या दुखण्याने हैराण होते. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची. पंधरा-पंधराचे तीन संच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ते सगळे पुन्हा पळू लागले. कंडरेला बेताचा, नियमित भार लागतो, हे तेव्हापासून पक्कं झालं. मात्र फिजिओथेरपिस्टने एकदा बघून द्यावं, कारण कंडरा टाचेला चिकटते तिथेच दुखत असेल तर व्यायाम थोडा बदलावा लागतो. बुटांबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. पायाला बरे वाटणारे घ्या आणि तळ झिजला की बदला, याहून जास्त मी सांगणार नाही.

खाण्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, विशेषतः बायकांसाठी. स्पर्धेच्या आधीचे आठवडे म्हणजे बहुधा श्रावण. रविवारी सगळ्यांत लांब धाव आणि दुसऱ्याच दिवशी श्रावणी सोमवार. ज्या चोवीस तासांत स्नायू आणि हाडं दुरुस्तीसाठी सामान मागतात, त्याच चोवीस तासांत पोटात साबुदाणा आणि चहा. साबुदाण्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं आणि लोह नावाला. श्रद्धा सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही. माझी आई आजही सोमवार करते. पण लांब धाव गुरुवारी ठेवता येते. उपवासाला राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही, खजूर चालतात, ते पोटभर घेता येतात. खर्च जास्त आणि खाणं कमी असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर एकेक काम बंद करायला लागतं. पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, सारखी सर्दी होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला स्वतंत्र नाव दिलं, 'रेड-एस'. पुरुषांनाही हा त्रास होतो. पळायला लागल्यापासून पाळी थांबली तर 'व्यायामाने होतं असं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे जा.

आणि लोह. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यात जोरात पळाल्यावर काही तास शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह शोषलं जाणं कमी होतं. सराव नीट चालू असून वेग घसरतोय, जिन्याला धाप लागते, केस गळतात, असं असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठा रिकामा असू शकतो. गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत. पण जेवणाला लागून चहा न घेणं आणि पालेभाजीवर लिंबू पिळणं, एवढं आजपासून करता येतं.

तापात पळू नये. नाक गळतंय, घसा खवखवतोय, एवढंच असेल तर हळू पळालात तरी चालेल. अंगात कणकण, ताप, छातीत कफ, जुलाब यांपैकी काही असेल तर अजिबात नाही, कारण विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असू शकतो आणि त्या वेळचा जोर जिवावर बेततो. डेंग्यू, चिकुनगुन्यानंतर तर आठवडे जाऊ द्या. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय ठेवा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त लागत असतील, झोप तुटत असेल, चिडचिड होत असेल, तर शरीर भरपाई करू शकत नाहीये.

हृदयाची भीती किती बाळगावी? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पळालेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख जणांत ५९ जणांचं हृदय पळताना किंवा पळून झाल्या झाल्या बंद पडलं. प्रमाण अगदी थोडं. पण आपल्याकडे हृदयविकार कमी वयात गाठतो. चाळिशी उलटलेली, रक्तदाब किंवा साखर असलेली, घरात कुणाला लवकर झटका आलेला असेल अशी माणसं डॉक्टरांना विचारूनच घाटात जावीत. चढावर छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांना ॲसिडिटी समजून पुढे जाऊ नका. आणि स्पर्धेच्या सकाळी पेनकिलर घेऊन पळू नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना ती गोळी मूत्रपिंडाला महागात पडते. पाणी तहानेप्रमाणे प्या. पावसाळ्यात दर स्टॉलवर ग्लास रिचवायची गरज नाही. बोस्टन मॅरेथॉनला २००२ मध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं होतं, आणि त्याचं मोठं कारण गरजेपेक्षा जास्त पिणं हे होतं.

दुखापतीनंतर परत कसं यायचं, याचं उत्तर मला फिजिओथेरपिस्टने एका कागदावर लिहून दिलं होतं. आधी अर्धा तास भरभर चालणं, सलग आठवडाभर, कळ न येता. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, एक दिवसाआड. आधी मिनिटं वाढवायची, वेग सगळ्यांत शेवटी. घाट दोन महिने बंद. प्रत्येक वेळी घरी आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी अंगठ्याने दाबून बघायचं, दुखलं तर एक पायरी मागे.

स्पर्धा त्या वर्षी पोवई नाक्यावर उभं राहून बघितली. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी मैदानावर पहिल्यांदा पळालो, सगळं मिळून सात मिनिटं, अधूनमधून चालत. बारा त्रिक छत्तीसपर्यंत एका श्वासात जात होतं. दुसऱ्या दिवशी उठून आधी नडगी दाबली. काही दुखलं नाही. वहीत सात लिहिले आणि खाली पुढच्या दिवसासाठी आठ.